पोटाला भोक असलेला माणूस

प्रिय संज्या,

तू परवा विचारलंस ना की सातवीच्या पोरांना पचन शिकवताना सगळे जांभया देतात, काहीतरी भारी गोष्ट सांग, तर घे. एवढी लांबड मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून सरळ पत्रच टाकतोय.

साल १८२२, ६ जून. अमेरिकेत मिशिगनकडे मॅकिनॅक नावाचं बेट आहे, तिथे फर म्हणजे जनावरांच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं दुकान होतं. तिथे कुणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि अगदी जवळ उभ्या असलेल्या अ‍ॅलेक्सी सेंट मार्टिनच्या डाव्या कुशीत सगळे छर्रे घुसले. हा फ्रेंच बोलणारा कॅनडाचा पोरगा, होडीतून माल वाहणारा हमाल, विशीच्या आसपासचा. बरगड्या फुटल्या, फुप्फुसाचा तुकडा बाहेर आला आणि पोटाला पडलेल्या भोकातून सकाळचं खाल्लेलं बाहेर येत होतं! किल्ल्यावरचा लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आला, त्यालाही हा जगेल असं वाटलं नव्हतं. पण गडी जगला. भोक मात्र बुजलंच नाही, जठराची कड बरगडीखालच्या कातडीला चिकटून तिथे कायमचं दार झालं, पुढे आतून एक पडदा वाढला, तो बोटाने ढकलला की थेट जठरात दिसायचं.

आता तेव्हा अन्न पोटात दळलं जातं, कुजतं, की आतल्या उष्णतेने शिजतं यावर मोठमोठे लोक भांडत होते. तसं इटलीच्या स्पालान्झानीने आधीच, अठराव्या शतकात, कापडाच्या पिशवीत अन्न भरून स्वतः गिळून पाहिलं होतं (पठ्ठ्या पोट रिकामं असताना घशात बोट घालून स्वतःचा जठररस पण काढायचा, हे पोरांना सांगू नकोस, करून बघतील). पण चालू जठरात डोकावायची सोय कुणालाच नव्हती.

१ ऑगस्ट १८२५ ला बोमाँटने रेशमी दोऱ्याला मसालेदार बीफ, खारवलेलं डुकराचं मांस, शिळा पाव, कच्ची कोबी असं काय काय बांधून भोकातून आत सोडलं आणि तासातासाने ओढून बघायला लागला. तासाभरात कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस जसंच्या तसं! पुढे पुढे अ‍ॅलेक्सीचं पोट आणि डोकं दुखायला लागलं म्हणून त्या दिवशी थांबावं लागलं. मग बोमाँटने नळीने अ‍ॅलेक्सीच्या जठरातला रस काढून बाटलीत घेतला, त्यात उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकून ती बाटली साधारण १०० फॅरनहाइटला, म्हणजे अंगाच्याच उष्णतेला ठेवली. पोटातला तसाच तुकडा दोनेक तासांत गायब झाला, बाटलीतला दहा तासांच्या आसपास, पण झाला! म्हणजे पोटाबाहेरही पचन होतं, रस पाहिजे आणि ऊब पाहिजे. रस गार ठेवला तर काहीच होत नव्हतं. मला विचारशील तर अख्ख्या कहाणीतला सगळ्यात भारी प्रयोग हाच, आणि तो तुझ्या वर्गात कसा दाखवता येईल ते तूच बघ बाबा. रसात मिठाचं आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आहे हे लंडनच्या प्राउटने १८२४ मध्येच सांगितलं होतं, बोमाँटने नमुने पाठवले तेव्हा अमेरिकेतल्या रसायनवाल्यांनाही तेच सापडलं.

पण संज्या, मला सारखा अ‍ॅलेक्सीच आठवतो. तो बोमाँटच्या घरी राहून लाकडं फोडायचा आणि वर हे प्रयोग. चिडला तर त्याच्या पचनात काय फरक पडतो तेही डॉक्टर टिपून ठेवायचा, म्हणजे राग पण फुकट जाऊ द्यायचा नाही! १८२५ मध्येच अ‍ॅलेक्सी न सांगता कॅनडाला पळाला, लग्न केलं, पोरं झाली. १८२९ ला डॉक्टरने सहकुटुंब परत आणवलं. १८३१ ला बायकापोरांना उघड्या होडीत घालून मिसिसिपीतून पार घरापर्यंत निघून गेला, आणि या माणसाच्या पोटाला भोक होतं हे विसरू नकोस. १८३२ ला परत आला, तेव्हा करार झाला, वर्षाला १५० डॉलर, खाणंपिणं आणि राहणं. सगळे मिळून दोनशेच्या वर प्रयोग, १८३३ ला पुस्तक निघालं, डॉक्टरचं नाव झालं. १८३४ ला अ‍ॅलेक्सी निघून गेला तो परत आलाच नाही, बोमाँट पत्रावर पत्रं धाडत राहिला, पण याने दाद दिली नाही. बरोबर केलं असं मला वाटतं. जीव वाचवलान हे खरं, पण म्हणून किती वर्षं वापरायचं?

गंमत म्हणजे बोमाँट १८५३ मध्ये गेला, पोटाला भोकवाला १८८० पर्यंत जगला. ऑस्लरसारख्या बड्या डॉक्टरला त्याचं जठर म्युझियमसाठी हवं होतं, तर घरच्यांनी ऐन उन्हाळ्यात मुद्दाम चार दिवस प्रेत ठेवलं, सडू दिलं, आणि मग आठ फूट खोल पुरलं. कुणाला हात लावू दिला नाही.

वर्गात सांगितल्यावर पोरं काय काय विचारतात ते मला कळव, विशेषतः ती मागच्या बाकावरची. वहिनींना नमस्कार, आणि आईचा गुडघा कसा आहे आता?

तुझाच,
पक्या