पासवर्डला बारा अक्षरांचे कुंपण कशाला?

महोदय,

माझ्या बँकेच्या नेटबँकिंगने दर तीन महिन्यांच्या रिवाजाप्रमाणे परवा पुन्हा पासवर्ड बदलायला लावला. या वेळी एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द रोमन अक्षरांत सलग टाइप केले, तर चौकट बाराव्या अक्षराला अडली. शाखेत विचारले. उत्तर मिळाले, "काका, नाव टाका, पहिलं अक्षर कॅपिटल करा, पुढे @१२३. चालून जातं." चालून जाते, हीच तर अडचण आहे!

जन्मभर गणित शिकवल्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय राहवेना. इंग्रजीतली नुसती २६ लहान अक्षरे घेतली तर आठ अक्षरी पासवर्ड सुमारे २०,८८२ कोटी प्रकारे बनतो. आकडा दांडगा वाटतो. पण बँकेकडची हॅश केलेल्या (म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेल्या) पासवर्डांची यादीच चोरीला गेली, तर 'तीन चुका झाल्या की खाते बंद' हा पहारा उरत नाही. चोर एकेक अंदाज तसाच हॅश करून यादीशी ताडत घरबसल्या निवांत प्रयत्न करतो. हॅश जुन्या, हलक्या पद्धतीचा असेल तर सेकंदाला १,००० कोटी प्रयत्न आजच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला जड नाहीत. म्हणजे वरचे सगळे प्रकार २१ सेकंदांत संपले. कॅपिटल, अंक, चिन्हे धरून ९५ खुणा वापरल्या तर आठेक दिवस. उलट लहान अक्षरेच ठेवून लांबी बारा केली तर ११० दिवस आणि सोळा केली तर लाखाहून अधिक वर्षे.

अर्थात अक्षरे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी हवीत. 'जयमहाराष्ट्र' रोमनमध्ये चौदा अक्षरी भरते, पण चोर सुरुवातच तिथून करील. शब्द जोडायचे तर तेही चिठ्ठ्या टाकूनच, आणि पाच-सहा तरी.

चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदल हा सल्ला २००३ साली अमेरिकेच्या 'निस्ट' या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी बिल बर या गृहस्थांनी लिहिला. २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने दोन्ही अटी सोडल्या आणि किमान ६४ अक्षरांपर्यंत मुभा द्यावी असे सांगितले. आमच्या बँकेपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे.

बँकांनी बारा अक्षरांची मर्यादा आणि तिमाही बदल दोन्ही काढावेत. या बदलापायी आमच्या घरी सौभाग्यवतींचा चालू पासवर्ड सध्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला आहे.

– एक निवृत्त गणितशिक्षक, सातारा