मुलाचा हिस्सा मिटवामिटवीत बुडवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर दवाखान्याजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि कोल्हापूरनं पेढे वाटले. कितीक वर्षांची मागणी होती, आनंद झालाच पाहिजे. पण पोटगी मागणाऱ्या बाईचं काम तिथवर क्वचित पोचतं. तिचं बरंवाईट त्याच्या फार आधी, कुणाच्या तरी सोप्यात घटस्फोटासाठी बसलेल्या बैठकीत ठरतं. माझं कसबा बावड्यात टायपिंगचं दुकान आहे. बैठकीत ठरलेला मजकूर माझ्याकडे येतो, म्हणून हे पत्र.

मजकूर बहुतेक वेळा एकाच साच्याचा. एकरकमी इतके लाख, दागिने परत, आणि तळाला एक ओळ: ‘मुलाचा खर्च आई करील, यापुढे वडिलांकडे कसलीही मागणी करणार नाही.’ मध्यंतरी एका मुलीनं स्क्रीनवर ती ओळ वाचली आणि विचारलं, “हे मी कधी म्हटलं?” सोबतचे मामा म्हणाले, “अगं, सगळ्यांचं मिळूनच धरलंय. आता मोडता घालू नको.” मुलगा पहिलीत. त्याची दहावीपर्यंतची फी त्या रकमेत कुणीच धरलेली नव्हती. दागिन्यांचा हिशेब मात्र ग्रॅमवर झाला होता.

मामांचं मन वाईट नसेल, पण मुलाची पोटगी हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, तो आईच्या सहीनं संपत नाही. घटस्फोट झाल्यानंतरही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलाच्या पालनपोषणासाठी आणि शिक्षणासाठी कोर्टाकडे अर्ज करता येतो. आईनं पुन्हा लग्न केलं तर तिची पोटगी थांबू शकते, मुलाची त्यामुळे थांबत नाही. आई नोकरी करते म्हणून बापाची जबाबदारी सुटत नाही. सही होऊन गेलेल्या बायकांनीही हे लक्षात घ्यावं. आणि पाचशेच्या स्टॅम्पवरच्या सोडचिठ्ठीनं घटस्फोट होतो हा समज तर आता सोडाच. समाजात तशी जुनी रूढी आहे हे कोर्टात सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी.

आता उत्पन्नाचं. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं की पोटगीच्या प्रकरणात नवरा-बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. ही प्रतिज्ञापत्रं मी टाइप करते. एमआयडीसीतला पगार लिहिला जातो, तोही हात आखडून. ऊसबिल, दर दहा दिवसांनी जमा होणारं दूधबिल, वडिलांच्या नावच्या शेतातला वाटा, हे आठवतच नाही! बायकांनी सातबारा, आठ-अ, कारखान्याच्या बिलाची झेरॉक्स, डेअरीचं कार्ड, जे हाताला लागेल ते आधी जमवावं. घर सोडल्यावर ते मिळत नाही.

‘वकिलाला पैसे कुठून आणू’ म्हणून बैठकीपुढे मान तुकवणाऱ्या पुष्कळ. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. माहेरी राहणारी बाई पोटगीचा अर्ज इथेच, कोल्हापुरात करू शकते. नवरा पुण्याला असला म्हणून तिला पुण्याला जावं लागत नाही. पोटगीसाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचं जे जुनं कलम १२५ होतं, त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज निकाली काढावा, असं त्यातच लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखा किती पडतात ते कोर्टाच्या आवारात कुणालाही विचारा.

एक बारकावा मात्र फार बायकांचे पैसे घालवतो. कलम १४४ खालच्या थकीत पोटगीच्या वसुली वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देतो, ऊसबिल आलं की देतो’ यात वर्ष निघून जातं.

वकील मंडळींना विनंती आहे की परस्पर संमतीच्या अर्जात मुलाचा परिच्छेद वेगळा घाला. महिना किती, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, दरवर्षी वाढ किती, फी आणि दवाखाना कुणाकडे, असं सगळं त्यात यावं. टायपिंगला एक पान जास्त लागेल, त्याचे मी पैसे घेणार नाही. आणि संपादक महोदय, विधी सेवेचा १५१०० हा हेल्पलाइन नंबर आपल्या अंकात रोज छापता आला तर पाहा. राशिभविष्याला आपण पाव पान देता, याला एक ओळ पुरेल.

आपली,
एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर