सरासरीने बुडवलेलं मॉडेल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या विद्यार्थ्यांनी परम्याच्या, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या गनोरियाच्या, प्रसाराचं केलेलं जे गणिती मॉडेल तू पाठवलंस ते वाचलं. त्यांच्या हिशेबात रोग आपोआप विझतो. माणशी वर्षाला सरासरी ०.८९ नवे जोडीदार, एका जोडीदाराकडून लागण होण्याची शक्यता ०.५ आणि लागण टिकण्याचा काळ पाव वर्ष. तिघांचा गुणाकार ०.११. एक रोगी पुढे सरासरी ०.११ जणांना रोग देतो, म्हणजे खेळ खलास. गुणाकार बरोबर आहे, घोळ त्या पहिल्याच आकड्यात आहे.

त्याआधी डब्यांचं बघू. पोरांनी तीन डबे घेतलेत: धोक्यातले, लागण झालेले, बरे झालेले. ही रचना साथींचं गणित मांडणाऱ्या केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या १९२७ सालच्या कामातून येते. त्यांनी आपलं सूत्र ताडून पाहिलं ते १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंवर. प्लेगमधून वाचलेला किंवा मेलेला माणूस साथीच्या हिशेबातून बाद होतो. परम्यात तसं नाही. औषध घेऊन बरा झालेला माणूस पुढच्याच आठवड्यात पुन्हा लागण घेऊ शकतो, टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणून तिसरा डबा काढून टाक, बरे झालेले परत पहिल्या डब्यात जाऊ देत.

आता सरासरी. समजा ९८ टक्के लोकांना वर्षाला अर्धा नवा जोडीदार, म्हणजे दोन वर्षांत एक, आणि २ टक्क्यांना वीस. सरासरी येते ०.८९, पण असा माणूस जगात कुठेच नाही! वीसवाल्याला लागण होण्याची संधी इतरांच्या चाळीसपट, आणि लागण झाल्यावर ती पुढे देण्याची संधीही चाळीसपट. घेण्यात आणि देण्यात दोन्हीकडे तोच आकडा येतो, म्हणून त्या आकड्याचा वर्ग करावा लागतो. मे आणि अँडरसन यांनी १९८७ मध्ये एचआयव्हीसाठी हे नेटकं मांडलं: सरासरीत, प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याच्या मापाच्या) वर्गाला सरासरीने भागून येणारा आकडा मिळवायचा. इथे तो वर्ग ७.४५, त्याला ०.८९ ने भागून ८.३७, बेरीज ९.२६. ही प्रभावी जोडीदार-संख्या. आता ०.५ × ९.२६ × ०.२५ कर, १.१६ येतं. एकच्या वर, म्हणजे रोग टिकतो. समतोलात, म्हणजे रोग्यांचं प्रमाण स्थिरावल्यावर, त्या २ टक्क्यांतले सुमारे १४ टक्के लागण झालेले, बाकीच्यांत जेमतेम ०.४ टक्के.

हेथकोट आणि यॉर्क यांनी १९८४ मध्ये परम्याबद्दल हाच ‘गाभा गटा’चा, म्हणजे साथ टिकवून धरणाऱ्या छोट्या गटाचा, मुद्दा लावून धरला होता. त्याचा व्यवहारात अर्थ काय, ते याच आकड्यांवर पाहा. ९८ टक्क्यांचा आजारकाळ निम्मा केलास तर १.१६ चं १.१४ होतं. २ टक्क्यांचा निम्मा केलास तर ०.६० होतं. एवढा फरक एकाही पोस्टर-मोहिमेने पडणार नाही. मात्र ‘गाभा’ हा शब्द जपून वापरायला सांग. ती माणसं काही रोगाचं मूळ नव्हेत, जाळ्यात त्यांची जागा तशी आहे एवढंच. त्यांना पकडून तपासायला गेलं की ती दवाखान्यापासून लांब पळतात, आणि मग आजारकाळ वाढतो.

आजारकाळाचीही सरासरी तपासून घे. समजा निम्म्यांना लक्षणं दिसतात, त्यांचा रोग दोन आठवड्यांत उपचाराने संपतो. निम्म्यांना काहीच जाणवत नाही, त्यांच्यात तो चोवीस आठवडे राहतो. सरासरी तेरा आठवडे, म्हणजेच पोरांचं पाव वर्ष. दवाखान्याची रांग कमी करून दोनाचा एक आठवडा केलास तर सरासरी साडेबारा, आणि १.१६ चं फक्त १.११. पण लक्षणं नसलेल्यांची तपासणी करून चोवीसचे बारा केलेस तर सरासरी सात आणि उत्तर ०.६२. म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांवरच थांबलेला कार्यक्रम कितीही चोख चालवला तरी साथ हटत नाही.

लागणीची शक्यता एका संबंधाची की एका जोडीदाराची, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहायला लाव. परम्यात एका संबंधात पुरुषाकडून स्त्रीला साधारण ५० टक्के, स्त्रीकडून पुरुषाला साधारण २० टक्के धरतात. सहा संबंधांचा आकडा ०.२ × ६ = १.२ असा काढणारा दरवर्षी एक तरी निघतोच. वाचण्याची शक्यता ०.८, तिचा सहावा घात ०.२६, म्हणून लागण ०.७४. स्त्री-पुरुष वेगळे धरलेस की एक रोगी किती जणांना रोग देतो तो आकडा दोन्ही दिशांना वेगळा काढून त्या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घ्यायचं.

मग जुळवणी. पुरुषांनी सांगितलेल्या स्त्री-जोडीदारांची एकूण बेरीज आणि स्त्रियांनी सांगितलेल्या पुरुष-जोडीदारांची बेरीज एका बंदिस्त लोकसंख्येत सारखीच यायला हवी. पाहणीत ती येत नाही, पुरुषांची जास्त भरते. थोडी फुशारकी, थोडी लपवाछपवी. शिवाय घरोघरच्या पाहणीत वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया सापडत नाहीत, आणि हे कारण पोरं विसरतात. आकडे तसेच कोंबले तर मॉडेलमध्ये हवेतून जोडीदार निर्माण होतात. कोणती बाजू किती सरकवली ते लिहून ठेवा.

कोण कोणाशी जोडी जमवतो, हेही उत्तर फिरवतं. वरचं सगळं ‘जो भेटेल तो’ या गृहीतावर आहे. वीसवाले फक्त वीसवाल्यांशीच संबंध ठेवत असतील तर त्यांच्यात आकडा २.५ होतो, ६० टक्क्यांना लागण राहते आणि बाहेर शून्य. खरी परिस्थिती या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते, तेव्हा दोन्ही टोकं चालवून बघा.

संगणकावर हिशेब पुढे सरकवताना काळाची पायरी एक दिवसाची ठेवा. कोणीतरी एक वर्षाची ठेवलीय. बरं होण्याचा दर वर्षाला ४, म्हणजे पहिल्याच पायरीत शंभर रोग्यांतून चारशे वजा. आलेखात उणे रोगी दिसले ते त्यामुळेच.

आणि आकडे कुठून आले ते विचार. यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने २००५ साठी भारतात ५७ लाख एचआयव्हीबाधित सांगितले होते, २००७ मध्ये अंदाज २५ लाखांवर आला. रोग्यांची संख्या मधल्या काळात काही निम्म्याने घटली नव्हती. आधीचा अंदाज प्रामुख्याने ठरावीक दवाखान्यांतल्या नमुन्यांवर होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत घरोघरी लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा फरक कळला. तुमच्या पोरांचा ‘वीस’ हा आकडा कोणत्या दारातून आलाय?

सुधारलेली फाइल पाठव, मी दोन गटांचा हिशेब हाताने ताडून देतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना बाकमित्र