नक्षीने भरलेल्या स्वयंपाकघरात ओटा शांतच हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत गावाकडच्या ढंगाच्या स्वयंपाकघरांवर लेख आला तो आवडीने वाचला. विटांची उघडी भिंत, गाठी दिसणारं लाकूड, जमिनीला रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स, सगळं छान सांगितलंय, पण ओट्याबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत आणि त्यातला सल्ला असा की खोली एवढी भरलेली असेल तर ओट्याचा दगडही तेवढाच जोरकस घ्या, मोठ्या शिरांचा, चकचकीत, नाहीतर तो मागे पडेल. मला हे अजिबात पटलं नाही. अशा खोलीत ओटा मागे पडायलाच हवा. आणि हे मी नुसतं स्वतःच्या आवडीपुरतं म्हणत नाहीये, त्याला कारणं आहेत.

दुकानात स्लॅब उभी असते, एकटी असते, आजूबाजूला कोरी भिंत आणि वरून भरपूर उजेड. त्यामुळे शिरा एखाद्या चित्रासारख्या दिसतात आणि आपण भुलतो. घरी तीच स्लॅब आडवी पडते, आपण तिच्याकडे कंबरेच्या वरून तिरकं बघतो, मधे सिंक येतं, शेगडी येते, मिक्सर येतो, म्हणजे त्या लांबलचक शिरेचे तुकडे तुकडे होतात आणि मागे लगेच नक्षीच्या टाइल्स सुरू होतात. मग ना शीर दिसते ना टाइल. हातात मावणारा नमुना घेऊन घरी गेलात तरी मोठ्या नक्षीच्या दगडाबद्दल तो काहीच सांगत नाही, कारण नमुन्यात कदाचित एक कोपराच आलेला असतो. असा दगड घ्यायचाच असेल तर जी स्लॅब आपल्याकडे येणार तीच बघावी, आणि जमिनीवर आडवी टाकून बघायला मिळाली तर फारच उत्तम.

चकाकीचा मुद्दा तर लेखात कुठेच नाहीये आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पॉलिश केलेला दगड, त्यातही गडद, हा आरसाच असतो. मागच्या भिंतीची नक्षी त्यात उलटी दिसते, कपाटाखाली एलईडीची पट्टी असेल तर तिचे ठिपके ओळीने दिसतात, म्हणजे आधीच भरपूर असलेली नक्षी तुम्ही दुप्पट करून घेता. तोच दगड मॅट घेतला, किंवा लेदर फिनिशमध्ये, म्हणजे चामड्यासारखा किंचित उंचसखल पण न चमकणारा घेतला, तर प्रतिबिंब विरून जातं आणि विटा, लाकूड यांच्या खरखरीतपणाशी त्याचं जमतं. फ्लेम केलेला, म्हणजे ज्योतीने भाजून पृष्ठभाग उडवलेला, मात्र ओट्याला नको, तो फार खडबडीत असतो आणि पुसताना फडकंच अडकतं. लोक म्हणतात पॉलिश नसलं की डाग पडतात. मॅट दगड थोडं जास्त शोषतो हे खरंय, पण पॉलिश म्हणजे सीलर, दगडाच्या छिद्रांत मुरवायचा द्रव, नव्हे, डाग अडवण्याचं काम सीलरचं आणि सच्छिद्र दगडाला तो अधूनमधून परत लावावाच लागतो, चकचकीत असो वा नसो. पाण्याचा थेंब थोडा वेळ ठेवून बघा, खालचा दगड काळपट झाला तर सीलरची वेळ झाली. गडद मॅटवर तेलकट बोटं उठून दिसतात हेही सांगायला हवं, मधल्या करड्या-तपकिरी रंगावर ती एवढी दिसत नाहीत.

आता ज्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते. ठिपक्याठिपक्यांचा, रंगीबेरंगी ओटा विकताना हमखास सांगतात की यावर घाण दिसत नाही. अहो, पण स्वयंपाकघरात घाण दिसायलाच हवी ना! फुटलेल्या काचेचा कण, सांडलेली औषधाची गोळी, ओट्यावरच राहिलेली सुरी, हे सगळं अशा दगडावर दिसेनासं होतं. आमच्या घरी सासूबाईंची नजर आता कमी झालीये. मोतीबिंदूत रंगारंगातला, उजेड-अंधारातला फरकच कमी जाणवतो, अशा माणसाला नक्षीवर ठेवलेली वस्तू म्हणजे नक्षीचाच भाग वाटते. कमी दिसणाऱ्यांसाठी घर लावताना जाणकार हेच सांगतात की कामाची जागा एकरंगी ठेवा आणि ओट्याची कड खालच्या कपाटापेक्षा वेगळ्या छटेची ठेवा, म्हणजे ओटा कुठे संपतो ते कळतं आणि भांडं कडेवर ठेवलं जात नाही. म्हातारपण सगळ्यांनाच येणार आणि ओटा कोणी दर चार वर्षांनी बदलत नाही, मग घेतानाच हा विचार का नको?

शांत म्हणजे कुठला दगड, असं कोणी विचारेल. ग्रॅनाइटच घ्यायचा तर बारीक आणि एकसारख्या दाण्याचा, कारण एक-दोन मिलिमीटरचा दाणा जरा लांबून मिसळून जातो आणि एकच रंग दिसतो, मोठा दाणा आणि मोठी शीर लांबूनही तशीच अंगावर येते. काळा ग्रॅनाइट म्हणून जो मिळतो तो भूशास्त्राच्या हिशोबाने बऱ्याचदा गॅब्रो नाहीतर डोलेराइट नावाचा वेगळाच दगड असतो, दगड म्हणून चांगलाच असतो, पण कधीकधी करड्या दगडाला रंग चढवून काळा करून विकतात, तेव्हा पांढऱ्या कापडावर ॲसिटोन घेऊन घासून बघा, कापड काळं झालं तर तो दगड नको. सोपस्टोन अशा खोलीत फार सुंदर दिसतो, त्याला आम्लाचं काही होत नाही, पाणी जवळपास शोषत नाही, तापलेलं भांडं चालतं. मऊ असतो, ओरखडे पडतात, पण हलक्या सँडपेपरने निघतात. संगमरवर आणि कडप्पा दोन्ही मुळात चुनखडीच्या कुळातले, लिंबू किंवा व्हिनेगर सांडलं की त्या जागी निस्तेज चट्टा उठतो, आणि तो डाग नसतो, दगडाचा वरचा थर विरघळलेला असतो, त्यामुळे सीलरने तो अडत नाही. मॅटवर हे चट्टे कमी खुपतात. ज्यांना वापरलेपणाच्या खुणा आवडतात त्यांनी जरूर घ्यावा, बाकीच्यांनी नाही.

लाकडाचा ओटा म्हटलं की सगळ्यांना वाटतं, खोली गावाकडची तर लाकूड हवंच. पण कपाटं लाकडाची, छताच्या तुळया लाकडाच्या, त्यावर ओटाही लाकडाचा, तर रेषाही नक्षीच आहेत हे विसरून कसं चालेल! छटा अगदीच वेगळी असेल, किंवा कपाटं एकरंगी रंगवलेली असतील, तर लाकूड शोभतं. सिंकपाशी ते काळं पडतं, तेल पाजत राहावं लागतं, आणि दमट हवेत ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं म्हणून खालच्या पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवायला सांगायची, नाहीतर फळी तडकते.

एकरंगी हवं म्हटलं की दुकानदार लगेच क्वार्ट्झ दाखवतात आणि दिसायला ते बरोबरही आहे. हा कारखान्यात बनवलेला दगड, वजनाने साधारण 90 टक्क्यांच्या वर खनिजाचा चुरा आणि बाकी रेझिन. रेझिनमुळे तो शोषत नाही पण तापलेलं भांडं थेट ठेवलं तर खराब होतो. मला जास्त काळजी वाटते ती कापणाऱ्यांची. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, खूप, ग्रॅनाइटपेक्षा बरीच जास्त, आणि कोरडा कापला की जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, जो बरा होत नाही. तरुण कामगारांना हा आजार झालेला बघून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदीच घातली. सिलिका नसलेले किंवा कमी असलेले प्रकारही आता निघालेत, त्यांची चौकशी करावी. आणि दगड कुठलाही असो, सिंकचं भोक घरात बसून कोरड्या ग्राइंडरने पाडू देऊ नका, पाणी सोडून कापायला सांगा.

रंग निवडताना नक्षीतला सगळ्यात ठळक रंग उचलायचा मोह होतो, तो टाळावा. नक्षीच्या मागचा जो रंग असतो, टाइल्सच्या सांध्यातला करडा, विटेतला सगळ्यात जळका तपकिरी, त्यातून ओटा घ्यावा. रंगापेक्षाही किती गडद किती फिका हे आधी बघावं. फोनवर खोलीचा फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि नमुना त्यात कुठे बसतो ते बघा, लगेच कळतं. विटांमध्ये पांढराशुभ्र ओटा घेतला तर नजर सारखी तिथेच जाते. कडेला साधी गोलाई पुरे, नागमोडी मोल्डिंग नको. ओट्याचाच दगड भिंतीवर चार-पाच इंच चढवला आणि मग नक्षीच्या टाइल्स सुरू केल्या तर मधे डोळ्याला जरा उसंत मिळते, टाइलच्या सांध्यात पाणी मुरायचंही कमी होतं.

पुढच्या वेळी अशा खोल्यांचे फोटो छापाल तेव्हा एक विनंती, रिकाम्या ओट्याचा सकाळच्या उजेडातला फोटो असूच दे, पण रात्री दिवे लावून, ओट्यावर रोजची भांडी असतानाचा फोटोही त्याच्या शेजारी छापा. आणि दगड कापणाऱ्यांच्या धुळीवर एखादा सविस्तर लेख कोणा जाणकाराकडून लिहून घेता आला तर आम्हा वाचकांना तो नक्की हवा आहे.

आपली,
एक वाचक