‘बेळगाव पोलिसांचे १९४८चे रिव्हॉल्व्हर’ म्हणून विकलेल्या वेब्लीबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : खोटा पोलीस शिक्का, चुकीचे प्रमाणपत्र आणि अपुरी कागदपत्रे, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले जुन्या पोलीस हत्यारांचे संग्राहक आहोत. आपल्या कॅटलॉगमधून एक निकामी केलेले रिव्हॉल्व्हर आम्ही एकत्र पैसे घालून घेतले. कॅटलॉगमधले वर्णन असे : ‘वेब्ली मार्क ४, .३८, निर्मिती १९३८, बेळगाव पोलीस दलातील, सर्व नंबर जुळणारे, मूळ ब्लूइंग.’ (ब्लूइंग म्हणजे पोलादावरचा गंजरोधक निळा-काळा थर.) शहरातल्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते आले तेव्हा त्याच्याच टेबलावर, त्याच्यासमोर आम्ही ते तपासले. ते अजून त्याच्याच ताब्यात आहे आणि या पत्राचा निकाल लागेपर्यंत तिथेच राहील.

हत्यार वेब्ली या ब्रिटिश कंपनीचे आहे, याबद्दल आमचा वाद नाही. बर्मिंगहॅमची मुकुटाखालची चाचणीचिन्हे नळीवर आणि सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या भागाच्या, घरांवर आहेत. मात्र आम्ही पैसे वेब्लीचे मोजलेले नाहीत, बेळगाव पोलिसांच्या वेब्लीचे मोजले आहेत. आपल्या यादीत तसेच रिव्हॉल्व्हर पोलीस शिक्क्याशिवाय बरेच स्वस्त आहे. वरचा सगळा भाव त्या शिक्क्याचा आहे आणि शिक्का खोटा आहे.

मुठीच्या मागच्या पट्टीवर इंग्रजीत ‘के.एस.पी. बेळगाव १९४८’ असा पंच मारला आहे. के.एस.पी. म्हणजे कर्नाटक स्टेट पोलीस, असा खुलासा आपल्याच प्रमाणपत्रात आहे. १९४८ साली बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता. तो म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. सीमाभागातल्या शाळकरी पोरालाही ही तारीख पाठ असते. त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १ नोव्हेंबर १९७३ला. म्हणजे शिक्क्यावरच्या सालात कर्नाटक नावाचे राज्यही नव्हते आणि त्या नावाचे पोलीस दलही नव्हते. आजच्या जिल्ह्यातले रामदुर्ग १९४८च्या मार्चपर्यंत स्वतंत्र संस्थान होते आणि रायबाग १९४९च्या मार्चपर्यंत कोल्हापूर संस्थानात होते. इथल्या पोलिसी वस्तूवरचे चिन्ह वाचताना साल आणि मुलूख दोन्ही ताडून पाहावे लागतात. आपल्या तज्ज्ञाने यांपैकी एकही पाहिलेले नाही.

इतिहास क्षणभर बाजूला ठेवला तरी धातूच सांगतो. फ्रेमवरची कारखान्याची अक्षरे बफ मारून उथळ झाली आहेत, कडा गोल झाल्या आहेत, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा आला आहे. नळीच्या उजव्या बाजूला गंजाचे जुने खड्डे आहेत आणि त्या खड्ड्यांच्या तळापर्यंत निळा-काळा रंग पोचला आहे. हे मूळ ब्लूइंग असूच शकत नाही. गंज चढला, वरवर घासला आणि मग पुन्हा ब्लूइंग झाले, असा हा क्रम आहे. आता पोलीस शिक्का पाहा. त्याच्या कडा धारदार आहेत, पंचाने बाहेर ढकललेली धातूची कड नखाला लागते आणि भिंगातून अक्षरांच्या तळाशी उघडी चकचकीत धातू दिसते. शिक्का १९४८चा असता तर त्याच बफखाली तोही कारखान्याच्या अक्षरांइतकाच झिजला असता आणि त्याच्या तळाशीही रंग गेला असता. तो नव्या ब्लूइंगनंतर मारलेला आहे. कोणी मारला ते आम्ही सांगू शकत नाही, पण दहापट भिंग आणि तिरपा उजेड एवढ्या साहित्यात हे कळते. विक्रीपूर्व तपासणीच्या नावाखाली आपण वेगळी फी घेतली आहे, म्हणून हे विशेष नोंदवत आहोत.

निर्मितीचे साल १९३८ हेही चूक आहे. फ्रेमवर अस्पष्ट का होईना ‘वॉर फिनिश’ हे शब्द वाचता येतात. घाईच्या उत्पादनात पॉलिश कमी केलेल्या युद्धकाळातल्या वेब्लींवर कारखाना हे शब्द उमटवत असे. दुसरे महायुद्ध सुरू झाले सप्टेंबर १९३९मध्ये. कॅटलॉगमधला फोटो तर या हत्याराचा नाहीच. त्यातल्या हॅमरला (काडतुसावर आघात करणाऱ्या घोड्याला) अंगठ्याने ओढायची शेपटी नाही. ती ठेवण एनफील्ड नं. २ मार्क १ स्टार या दुसऱ्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरची आहे. आलेल्या वेब्लीच्या हॅमरला शेपटी आहे. दोन्ही रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडतात, दिसायला भावंडे आहेत, पण त्यांचे भाग एकमेकांना चालत नाहीत.

नंबर जुळत नाहीत : फ्रेमवरचा वेगळा, सिलिंडरवरचा वेगळा. सिलिंडर बदलला जाणे पोलीस शस्त्रागारात अशक्य नाही आणि तसे स्पष्ट लिहिले असते तर आम्ही हरकत घेतली नसती. आपण ‘सर्व नंबर जुळणारे’ लिहिले. सिलिंडर सोडवायचा डावीकडचा रुंद खाचेचा स्क्रू नाण्यानेही फिरतो, तरी त्याची खाच पाचरीच्या आकाराच्या साध्या ड्रायव्हरने फाडली आहे. अशा कामाला पात्याच्या दोन्ही बाजू समांतर घासलेला, खाचेत तळापर्यंत बसणारा ड्रायव्हर लागतो.

प्रमाणपत्रात काडतूस ‘.३८ स्पेशल’ लिहिले आहे. या वेब्लीचे काडतूस .३८/२००, म्हणजे २०० ग्रेनची, सुमारे १३ ग्रॅमची शिशाची गोळी. त्याचे केस, म्हणजे काडतुसाचे धातूचे नळकांडे, १९.७ मि.मी. लांब असते, .३८ स्पेशलचे २९.३ मि.मी. तळाशी व्यास अनुक्रमे ९.८ आणि ९.६ मि.मी. दोन्ही नावांत .३८ असले तरी काडतुसे वेगळी आहेत. निकामी हत्याराच्या बाबतीतही ही चूक किरकोळ नाही, कारण परवाना कार्यालयात कागद आणि वस्तू ताडल्या जातात आणि विसंगतीचा जाब वस्तू बाळगणाऱ्याला विचारतात.

सर्वांत गंभीर बाब निकामी करण्याची. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५(सी)ची सूट दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही अशाच जुन्या वा नादुरुस्त हत्याराला मिळते. या रिव्हॉल्व्हरच्या हॅमरचे टोक तेवढे काढले आहे. नळी आणि सिलिंडर जसेच्या तसे आहेत. हे दुरुस्त होण्याजोगे आहे, असे शस्त्रविक्रेत्याने आम्हाला तोंडी आणि लेखी सांगितले. म्हणजे आपण ‘परवाना लागत नाही’ असे छापून विकलेली वस्तू घरी नेली असती तर कलम ३चा, म्हणजे परवान्याच्या सक्तीचा, भंग आमच्या माथी आला असता. शिवाय कलम ८ने अग्निशस्त्रावरचे नाव, नंबर वा ओळखचिन्ह पुसण्याला, बदलण्याला आणि बनावट करण्याला मनाई आहे. नव्याने मारलेला पोलीस शिक्का यात कसा बसतो, याचे लेखी उत्तर आपण द्यावे.

पॅकिंगबद्दल थोडक्यात. ऐन आषाढात रिव्हॉल्व्हर चामडी होल्स्टरमध्ये घालून, वर प्लॅस्टिक बंद करून पाठवले. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने धातूला लागतात. नळीच्या तोंडाशी ताजा तांबूस गंज आणि होल्स्टरच्या पितळी बटणावर हिरवा थर आला आहे. खानापूरच्या पावसात हत्यार कुणी होल्स्टरमध्ये ठेवत नाही. हलके तेल, तेलकागद, कोरडी सिलिका जेल, आणि होल्स्टर वेगळे.

आमच्या मागण्या अशा : किंमत, तपासणी फी आणि वाहतूक खर्च मिळून पूर्ण रक्कम परत करावी. वस्तू परवानाधारकामार्फत आपल्या खर्चाने परत न्यावी. ती आपल्याकडे कोठून आली त्या खरेदीची कागदपत्रे आणि निकामी करणाऱ्याचा दाखला यांच्या प्रती द्याव्यात. ‘बेळगाव पोलीस’ हे वर्णन लेखी मागे घ्यावे आणि तीच वस्तू त्याच वर्णनाने पुन्हा विकू नये. ही शेवटची मागणी आम्हाला पैशांइतकीच महत्त्वाची आहे. मुंबई प्रांताच्या काळातल्या इथल्या पोलिसांच्या खऱ्या वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहायला मिळतात. एक बनावट शिक्का पुढच्या माणसाला खऱ्या शिक्क्यावरही संशय घ्यायला लावतो.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९नुसार बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो तिथे ती दाखल करता येते, त्यामुळे आपल्या पावतीवरच्या ‘न्यायक्षेत्र फक्त आमच्या शहराचे’ या ओळीने ती अडणार नाही.

सोबत : पावतीची प्रत, कॅटलॉगचे पान, शिक्क्याचे व नंबरांचे जवळून घेतलेले फोटो, शस्त्रविक्रेत्याचा लेखी अभिप्राय.

आपले,
जुन्या पोलीस हत्यारांचे संग्राहक
बेळगाव, खानापूर, निपाणी