काकूंच्या केअर रिव्ह्यूबाबत मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. कौन्सिलने, म्हणजे तुमच्या स्थानिक प्रशासनाने, तुझ्या आईच्या, काकूंच्या, गरजांचा आढावा घेऊन घरी मदतीला येणाऱ्या केअररची संध्याकाळची भेट बंद केली, हे वाचून वाईट वाटले. आश्चर्य मात्र वाटले नाही. आमच्या आत्याच्या बाबतीत इथल्या कौन्सिलने जवळजवळ हेच केले होते, आणि त्यापायी कायद्याची पुष्कळ पाने मला वाचावी लागली. त्यातले तुझ्या कामाचे तेवढे लिहितो.

इंग्लंडमध्ये हा सारा कारभार २०१४ च्या केअर अ‍ॅक्टखाली चालतो. त्याच्या कलम २७ प्रमाणे कौन्सिलने केअर प्लॅनचा, म्हणजे कोणाला कोणती मदत द्यायची याच्या आराखड्याचा, वेळोवेळी आढावा घ्यायचा असतो, आणि सरकारी मार्गदर्शिकेनुसार तो निदान वर्षातून एकदा व्हावा अशी अपेक्षा आहे. ठरलेली मदत पुरते आहे का, हे पाहणे हा त्याचा हेतू. मनाला येईल तशी मदत कमी करण्यासाठी आढाव्याचा वापर करू नये, असे त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. परिस्थिती बदलली असेल, तर गरजांची नव्याने तपासणी करून मगच प्लॅन बदलायचा. तू पाठवलेले कौन्सिलचे पत्र मी दोनदा वाचले. ‘गरज कमी झाली आहे’ एवढेच त्यात आहे. कोणती गरज, केव्हापासून आणि कशामुळे, याचा एका ओळीनेही खुलासा नाही. तुझी तक्रार इथूनच सुरू व्हायला हवी.

आता थोडे आपल्या माणसांविषयी. आढाव्याला आलेल्या बाई आत्याच्या दृष्टीने पाहुण्या होत्या, आणि पाहुण्यासमोर आपले रडगाणे गायचे नाही, हे तिच्या हाडीमाशी भिनलेले. गुडघा धरून उठत तिने त्यांना चहा करून दिला, सगळे व्यवस्थित चालले आहे म्हणाली, आणि अहवालात नोंद झाली की गरम पेय त्या स्वतः करू शकतात! त्या कपभर चहानंतर ती दुपारभर पडून होती, हे कोणी विचारले नाही आणि तिने सांगितलेही नाही. कौन्सिलच्या मदतीसाठी कोण पात्र, हे ठरवणाऱ्या नियमांत एखादे काम ‘जमत नाही’ याचा अर्थ बराच व्यापक आहे. ते मदतीशिवाय होत नसेल, किंवा होत असले तरी त्यात फार वेदना वा त्रास होत असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, अथवा नेहमीपेक्षा खूपच जास्त वेळ लागत असेल, तरीही ते जमत नाही असेच धरायचे असते. गरज कमीजास्त होत असेल, तर एका सकाळचे चित्र न पाहता पुरेसा काळ विचारात घ्यावा लागतो. म्हणून काकूंच्या वाईट दिवसांची साधी नोंदवही आजपासून ठेव.

दुसरा मुद्दा तुझा. ‘मुलगा सोबत राहतो’ हे कारण त्यांनी दिले आहे. गरज पात्र आहे की नाही हे ठरवताना घरचे कोण काय करतात, ते बाजूला ठेवायचे असते; त्याचा विचार पुढे, मदत किती द्यायची हे ठरवताना होतो, आणि तोही तुझी तयारी आणि क्षमता असेल तरच. आईचे करायला आपल्याला जमत नाही, असे लिहिताना हात आखडतो, हे मी जाणतो. तरीही तुझी नोकरी, तुझी पाठ, तुझ्या रात्रपाळ्या, सगळे लिही. कलम १० खाली तुझ्या स्वतःच्या गरजांची तपासणीही मागता येते.

अ‍ॅटेंडन्स अलाउन्ससारखा, देखभाल लागणाऱ्या वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता नाकारला, तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील करता येते. केअरच्या निर्णयावर तशी सोय नाही. अपिलाची तरतूद याच कायद्याच्या कलम ७२ मध्ये लिहून ठेवली आहे, पण ती कधी अमलात आणलीच नाही, आणि हे मला सगळ्यांत अन्यायाचे वाटते. कौन्सिलांकडे पैसा नाही हे खरे. पण तसे उघड सांगण्याऐवजी म्हातारीची गरज घटली असे लिहिणे अप्रामाणिक आहे.

तेव्हा तक्रार आधी कौन्सिलकडे. तीन कामकाजाच्या दिवसांत पोच मिळायला हवी. उत्तर पटले नाही, तर लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समनकडे, म्हणजे कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारींची स्वतंत्रपणे चौकशी करणाऱ्या कार्यालयाकडे, जाता येते. फी नाही, मात्र साधारणपणे घटना कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत जावे लागते. हे कार्यालय काकूंना किती तास मिळावेत ते ठरवत नाही. निर्णय योग्य रीतीने घेतला का, एवढेच पाहते. त्यामुळे ‘तास कमी आहेत’ एवढ्यावर थांबू नकोस. कारण दिले नाही, वेदनेची नोंद नाही, मुलाची तयारी विचारली नाही, दुभाषा दिला नाही, अशा चुका एकेक करून दाखव. त्यांना दोष आढळला, तर माफी, नुकसानीची रक्कम किंवा नव्याने तपासणी ते सुचवू शकतात. न्यायालयात ज्युडिशियल रिव्ह्यूचा, म्हणजे निर्णय कायद्याला धरून आहे का हे तपासून घेण्याचा, मार्गही आहे, पण त्याची मुदत जेमतेम तीन महिन्यांची असते. तो विचार असेल तर वकिलाला लगेच गाठ.

उद्याच दोन गोष्टी लेखी माग: तपासणीच्या अहवालाची प्रत, जी देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत संध्याकाळची भेट चालू ठेवण्याची विनंती. मसुदा तयार झाला की मला पाठव, रविवारी फोनवर बसून दोघे मिळून नीट करू. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बाळ