भानूताईंचे ऑस्कर भरीव सोन्याचे नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेशभूषाकार भानू अथैया यांच्यावरील आपल्या रविवारच्या लेखात त्यांचे १९८३चे ऑस्कर ‘भरीव सोन्याचे’ होते असे छापले आहे. भानूताई आम्हा कोल्हापूरकरांच्या. पण मी हुपरीत चाळीस वर्षे मुलाम्याचे काम केले, त्यामुळे हे वाक्य तसेच सोडवेना. त्या काळी ती मूर्ती ब्रिटानिया धातूची ओतत: शंभरात सुमारे ९२ भाग कथील, ६ भाग अँटिमनी (कठीणपणा आणणारा एक धातू), २ भाग तांबे. त्यावर तांबे, निकेल, चांदी आणि शेवटी २४ कॅरेट सोने. वजन साधारण ३.८५ किलो. सोने कथलाच्या अडीचपटीहून जड. भरीव सोन्याची असती तर एका हाताने उंचावणे कठीण होते. (२०१६ पासून ती पुन्हा ब्राँझची ओततात.)

ब्रिटानिया धातू कमी प्रतीचा समजू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफील्डमध्ये जेम्स व्हिकर्स यांनी तो वापरात आणला. जुन्या प्यूटरमध्ये, म्हणजे भांड्यांसाठीच्या कथलाच्या मिश्रधातूत, बऱ्याचदा शिसे असे. इथे शिशाऐवजी अँटिमनी, म्हणून कठीणपणा आणि लखलखीत पॉलिश. त्याचा पातळ पत्रा लाटता येई, लेथवर दाबून किटल्या, मेणबत्तीदाण्या घडवता येत. १८४० नंतर विजेवरचा मुलामा आला आणि चांदी न परवडणाऱ्या घरांतही चांदीसारखी किटली आली.

अशीच एक किटली एका गिऱ्हाइकाने वडिलांकडे दांडा जोडायला आणली होती. बुडाशी ‘ई. पी. बी. एम.’ असा इंग्रजी शिक्का. त्याचा अर्थ तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. वडिलांनी चांदी समजून डाख लावायला ज्योत धरली, आणि बघता बघता तोटी मेणासारखी खाली आली. चांदी ९६२ अंशांना वितळते, कथील २३२ला! वडिलांनी त्या माणसाला किटलीचे पैसे भरून दिले आणि ती स्वतःकडे ठेवली. पुढे मुलामा शिकताना मला त्या चार अक्षरांचा उलगडा झाला: ब्रिटानिया धातूवर विजेने दिलेला चांदीचा मुलामा.

म्हणून दोन विनंत्या. लेखातली चूक दुरुस्त करून धातूचे नाव छापावे. आणि ज्यांच्या घरी असा शिक्का असलेले भांडे आहे, त्यांनी ते गॅसवर ठेवू नये, दुरुस्तीला देताना कारागिराला आधी शिक्का दाखवावा.

आपला,
एक मुलामा कारागीर, हुपरी (जि. कोल्हापूर)